कोच आणलाय, तर संघही त्याच्या हातात द्या : आमच्या तालमीच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि फुटबॉल कमिटी,
आपली तालीम, कोल्हापूर

स. न. वि. वि.

तालमीचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना दोन परिच्छेदांत कळेल, आणि बाकीच्या पेठांच्या हातात आयतं कोलीत द्यायची माझी इच्छा नाही. तसं हे भांडण दर मोसमाला कुठल्या ना कुठल्या तालमीत असतंच. यंदा पाळी आपली आहे, इतकंच.

नव्या कोचचं नाव आपण जाहीर केलंत आणि त्या संध्याकाळपासून पेठेचे सरळ दोन भाग झाले. एक भाग म्हणतो, "ज्या माणसानं इतकी वर्षं समोरच्या बाकावर बसून आपल्याला पाडायचे डाव आखले, त्याच्या गळ्यात हार कशाला घातलासा?" दुसरा म्हणतो, "चषक येणार असंल तर कोण का असंना, बघून घेऊया की." चहाच्या गाड्यावर हल्ली दोन्ही गट दोन बाजूंना उभे राहतात. एका घरातल्या दोन भावांनी तर एकमेकांचे फोन घेणं बंद केलंय, आणि राहतात एकाच मजल्यावर. फुटबॉलच्या बाबतीत आपण असेच आहोत, त्याचं मला नवल नाही. वर्ल्ड कपला ज्या गावात ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या फलकांवरून गल्ल्या विभागल्या जातात, तिथं स्वतःच्या तालमीचा कोच म्हटल्यावर काय होणार!

मी कुठल्या गटात, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना अंदाज बांधत बसायला नको. आपल्याच संघातून खेळलेला, आपल्याच ज्युनिअर पोरांना सांभाळणारा जो माणूस आहे, तो कोच व्हावा असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. तरी या पत्रातली तक्रार नव्या कोचबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे.

सभेपासून सुरुवात करतो. सभेची नोटीस मी जपून ठेवली आहे. जमाखर्च मंजुरी, उत्सव समिती, इमारतीची गळती, आणि सर्वांत शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. तालमीच्या फुटबॉल संघाचा कोच बदलणं हा विषय तुम्ही त्या शेवटच्या ओळीत बसवलात. निम्मे लोक गळतीवर बोलून घरी गेल्यावर तो काढलात. हात वर करा म्हणालात, मोजले कुणी नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी फोटो आला : कोच, शाल, नारळ, आणि मागं हसणारी कमिटी. चोरी केल्यासारखा निर्णय घेतला की लोक त्यात चोरी शोधणारच. आज जो तो विचारतोय, पैसे किती ठरले, कुणी दिले, कुणाच्या पाहुण्यातला आहे. या प्रश्नांतले निम्मे तुमच्या त्या नोटिशीनं जन्माला घातलेत.

आता माणूस 'त्यांच्याकडचा' आहे हा मुद्दा. विरोध करणाऱ्यांशी मला इथं चार शब्द बोलायचे आहेत, कारण हा मुद्दा फुटबॉलमध्ये टिकत नाही आणि कोल्हापुरात तर मुळीच टिकत नाही. आपल्या तालमी मुळात कुस्तीच्या. राजर्षी शाहू महाराजांनी उत्तरेतले मल्ल इथं आणून आश्रय दिला, खासबाग मैदान उभं केलं, तेव्हा कुणी त्यांची पेठ विचारली नव्हती. 1959 साली पहिला हिंदकेसरी किताब जिंकणारे श्रीपती खंचनाळे मूळचे एकसंब्याचे. ते गाव आज कर्नाटकात आहे. घडले शाहूपुरी तालमीत, आणि सगळ्या कोल्हापूरनं त्यांना डोक्यावर घेतलं. लाल मातीला जे चाललं ते हिरवळीला का चालू नये, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि ईर्ष्येचंच म्हणाल तर कोलकात्याकडं बघा. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातली ईर्ष्या आपल्यापेक्षा तसूभर कमी नाही. 1975 च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालनं मोहन बागानचा 5-0 असा धुव्वा उडवला. आपल्याकडं असा निकाल लागला असता तर दोन पेठांमधले लग्नसंबंध थांबले असते. त्या जिंकणाऱ्या संघाचे कोच होते पी. के. बॅनर्जी. आणि पुढच्याच वर्षी मोहन बागाननं आणलं कुणाला? त्याच पीकेंना. 1977 मध्ये बागाननं आयएफए शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरंड हे तिन्ही चषक घेतले. त्याच सप्टेंबरात ईडन गार्डन्सवर पेले खेळत असलेल्या न्यूयॉर्क कॉसमॉसला 2-2 असं रोखलं. पाच गोल घालणारा माणूस आपल्याकडं आला, म्हणजे आपल्या बचावात भगदाड कुठं आहे हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक, असा हिशेब बागानवाल्यांनी केला असणार. मी तरी तोच केला असता.

अलीकडचं उदाहरण हवं तर खालिद जमील. आदल्या मोसमात खालच्या गटात ढकलला गेलेला आणि नंतर पुन्हा सामावून घेतलेला ऐझॉल एफसी त्यांनी 2017 मध्ये आय-लीगचा विजेता केला. मग ते ईस्ट बंगालकडं गेले आणि 2019 च्या जानेवारीत मोहन बागानच्या बाकावर बसले. दोन्ही घरचं पाणी प्यायलेला हा माणूस 2025 च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

आपला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताकडून उतरला तेव्हा पेठापेठांत पडदे लावून सामने बघितले गेले. त्या संघाचे कोच लुईस नॉर्टन दे मातोस पोर्तुगालचे. आपल्या गावच्या पोराला पोर्तुगालचा माणूस शिकवतो याचा अभिमान वाटतो, आणि दोन गल्ल्या सोडून आलेल्या माणसाची मात्र ॲलर्जी. कमाल आहे!

पण समर्थन करणाऱ्यांनीही एवढ्यात फटाके आणायला जाऊ नये. शत्रूकडचा कोच आणला की चषक आलाच, असाही काही नियम नाही. 2011 मध्ये इंग्लंडात कोच ॲलेक्स मॅक्लीश बर्मिंगहॅम सिटीचा राजीनामा देऊन त्याच शहरातल्या ॲस्टन व्हिलात गेले. व्हिलाच्या समर्थकांनी मैदानाबाहेर निदर्शनं केली, भिंती रंगवल्या. मोसम संपला तेव्हा व्हिला सोळाव्या नंबरावर, 38 सामन्यांत विजय फक्त सात, आणि मॅक्लीश घरी. उलट 2014 च्या जुलैत युव्हेंटसनं मिलानचे माजी कोच मासिमिलियानो अलेग्री यांना आणलं. पहिल्याच दिवशी समर्थकांनी त्यांच्या गाडीवर अंडी मारली. त्या माणसानं नंतर सलग पाच वेळा इटलीची लीग जिंकून दिली आणि दोनदा चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली. तेव्हा अंडी मारणारे पुढं काय करत होते कुणास ठाऊक, बहुधा ट्रॉफीच्या मिरवणुकीत नाचत असतील. कोच कुठून आला यावरून तो काय करणार, हे या दोघांपैकी कुणाच्याही बाबतीत सांगता आलं नसतं.

मग कशावरून सांगता येतं? माझ्या मते तो आल्यावर त्याच्या हातात काय दिलं जातं यावरून. इथं लंडनच्या चेल्सी क्लबचं आठवावं. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी राफा बेनिटेझना आणलं. लिव्हरपूलचे कोच असताना बेनिटेझनी 2005 आणि 2007 मध्ये चेल्सीला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बाहेर काढलं होतं. समर्थकांनी पहिल्या सामन्यापासून हुर्यो उडवली. पण खरी गंमत क्लबनं केली. नेमणूक केली ती 'हंगामी' म्हणून. समर्थक एका बाजूनं ओरडतायत, आणि मालक दुसऱ्या बाजूनं सांगतायत की हा काही आमचा कायमचा माणूस नव्हे. फेब्रुवारीत बेनिटेझ भर पत्रकार परिषदेत त्यावरून भडकले आणि मोसम संपल्यावर जातो म्हणाले. तरीही मे महिन्यात युरोपा लीग जिंकून देऊन गेले. तेवढी जाड कातडी सगळ्यांची नसते.

आपल्याकडं तर 'हंगामी' म्हणायचीही गरज पडत नाही. सून आणायची आणि कोठीच्या किल्ल्या सासूनं स्वतःच्याच कमरेला ठेवायच्या, हा कमिटीचा जुना कारभार आहे.

गेल्या मोसमातला शाहू स्टेडियमवरचा तो टायब्रेकर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किक, आठवा. आठवतच असेल, तुमच्यातले बरेचजण बाकामागंच उभे होते, जिथं उभं राहायची परवानगी कुणालाच नसते. कोचनं कागदावर पाच नावं लिहिली होती. पेन खिशात ठेवायच्या आत मागून एक हात आला, तिसऱ्या नावावर बोट टेकलं, "ह्यो नको, त्याला घाला." कोचनं वर बघितलं, मग पुन्हा पेन काढलं. ज्याचं नाव खोडलं तो पोरगा दोन हात कमरेवर ठेवून उभा, त्याला कुणी काही सांगितलंच नाही. चेंडूकडं चालत निघालेल्या दुसऱ्याला बघून त्याला कळलं. आणि त्या दुसऱ्यानं चेंडू बारवरून थेट गॅलरीत मारला. महिन्याभरात कोच 'वैयक्तिक कारणास्तव' थांबले. बोट टेकवणारा अजून कमिटीत आहे, आणि नव्या कोचच्या शाल-नारळाच्या फोटोत पहिल्या रांगेत.

मला भीती याची वाटते. नवा माणूस हरला, तर 'त्यांच्याकडचाच होता, मुद्दाम हरवलं' असं म्हणायला पेठेतले निम्मे लोक आधीच तयार आहेत. म्हणजे तुमच्यासाठी याच्यापेक्षा सोयीचा बळीचा बकरा सापडणार नाही. आपल्या पेठेचा कोच हरला तर लोक कमिटीला विचारतील. हा हरला तर लोक त्याच्या पेठेला शिव्या घालतील आणि तुम्ही लोकांत सामील व्हाल. हा हिशेब तुम्ही केला नसेल, असं मी समजून चालतो. पण मग तसं वागून दाखवा.

परवा सकाळी सरावाला जाऊन आलो. ज्याला शिव्या घालायच्या किंवा ज्याच्यासाठी भांडायचं, तो काय करतो हे बघायला दोन्ही गटांतलं फारसं कुणी फिरकलेलं दिसलं नाही. कोचच्या हातात शिट्टीच्या जोडीला एक दोनशे पानी वही होती. पोरांची नावं अजून पाठ नाहीत म्हणून नाव, जागा आणि कुठल्या पायाचा, असं लिहून आणलेलं. खेळ चालू असताना एकदम शिट्टी मारली आणि आपल्या डाव्या बॅककडं गेला. ओरडला नाही. पोराचे खांदे धरून त्याला थोडा तिरका उभा केला. म्हणाला, "तू सरळ उभा राहतोस म्हणून तुला एकतर चेंडू दिसतो, नाहीतर तुझा माणूस. असा उभा राहा, दोन्ही दिसंल." मग उजवीकडून तोच चेंडू पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा टाकायला लावला. पोरगं वैतागलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण शेवटी शेवटी विंगरच्या आधी चेंडूवर जायला लागलं. गेल्या मोसमात आपण त्याच बाजूनं किती गोल खाल्ले हे गॅलरीतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. आणि तो मोसमभर आपल्या विरोधात बसलेला माणूस, त्याला तर पाठच असणार.

एवढ्यावरून तो मोठा कोच ठरत नाही. पण काम करायला आलाय, एवढं दिसलं. भिंतीला टेकून कमिटीचे दोघे उभे होते. सराव संपायच्या आत एकानं स्ट्रायकरला बाजूला घेऊन काहीतरी सांगायला सुरुवात केलीच. कोचनं बघितलं. काही बोलला नाही, वहीत बघत राहिला. मोसम अजून सुरूही झालेला नाही, साहेब.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. मैदानावर उतरणारे अकरा कोण, बदली कधी आणि कुणाची, टायब्रेकर कोण मारणार, हे फक्त कोच ठरवेल, असा ठराव करा आणि तालमीच्या फलकावर लावा. सामना चालू असताना बाकाजवळ कमिटीतलं कुणीही जाणार नाही, पाणी द्यायलाही नाही. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडू नोंदणी सुरू होण्याआधी कोणते परदेशी आणि बाहेरचे खेळाडू घ्यायचे हे कोचला विचारून ठरवा. आणल्यावर त्याच्यापुढं उभे करू नका. गेल्या खेपेला आपण एक उंचापुरा परदेशी स्ट्रायकर आणला, मोसमभर त्याच्या डोक्यावर चेंडू फेकले, आणि आपल्या गल्लीतली तीन पोरं राखीव खुर्च्यांवर बसून दुसऱ्या तालमीत निघून गेली. बाहेरच्या कोचवरून ज्यांचं रक्त उसळतं, त्यांनी ती तीन पोरं गेली तेव्हा एक शब्द काढला नव्हता.

मुदत दोन मोसमांची द्या. कागदावर दिली म्हणजे झालं, असंही नाही. मँचेस्टर युनायटेडनं 2013 मध्ये डेव्हिड मोयेसना सहा वर्षांचा करार दिला होता आणि पुढच्या एप्रिलमध्येच नारळ दिला. पण निदान लीगच्या पहिल्या दोन पराभवांनंतर तुमच्यातला कुणी चहाच्या गाड्यावर "मी तवाच सांगत हुतो" म्हणायला लागला, तर तो कागद त्याच्यापुढं धरता येईल. मानधनाचा आकडाही सांगून टाका. लोकांच्या तोंडचा आकडा खऱ्यापेक्षा मोठाच असतो.

आणि ज्याला कोच करायला हवं होतं असं मला वाटतं, तो आपला माणूस सहायक म्हणून याच बाकावर हवा. त्याला रागावून घरी बसू देऊ नका. त्याच्याकडं कोचिंगचं डी लायसन्स आहे. पुढचं करायला वेळ नाही आणि पैसेही नाहीत. तालमीनं त्याचा सी लायसन्सचा खर्च उचलावा. उत्सवात एका रात्रीच्या साउंड सिस्टिमवर आपण जे उडवतो, त्यात काटकसर केली तर हे सहज जमेल.

आता थोडं आपल्याच समर्थकांसाठी, कारण हे पत्र तेही वाचणार. नव्या कोचच्या घरासमोर रात्री गाड्या थांबवून हॉर्न वाजवणारे कोण, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. त्या घरात त्याची म्हातारी आई आहे, दहावीतली मुलगी आहे. यात कसली तालमीची निष्ठा? विरोध आहे तर सभेत उभं राहून तोंडावर बोला, मी तुमच्या बाजूला बसतो. वर्गणी बंद करणार म्हणताय, जरूर करा, पण त्यानं कोचचं काही जाणार नाही. आधी ज्युनिअर पोरांचे बूट थांबतील. आणि पहिल्या सामन्याला गॅलरीतून आपल्याच बाकाच्या नावानं घोषणा द्यायचा जो बेत शिजतोय, तो आवरा. समोरच्या गॅलरीत त्याची जुनी पेठ बसलेली असेल. त्यांच्याकडून उत्तर येणार, मग बाटल्या, मग पोलीस. हुल्लडबाजीमुळं सामना थांबला आणि कारवाई संघावर झाली, हे शाहू स्टेडियमवर आपण पुरेसं बघितलंय.

अध्यक्षसाहेब, खेळाडू नोंदणीच्या आधी सर्व वर्गणीदारांची सभा बोलवा. कोच हा विषय पत्रिकेवर पहिला घ्या, गळती शेवटी. कोचना स्वतः बोलू द्या. त्यांना तिथं चार कडक प्रश्न विचारायचे माझेही आहेत, विशेषतः मधल्या फळीबद्दल. आणि ठराव हात मोजून करा.

यंदाची माझी वर्गणी भरली आहे. पावती फुटबॉल खात्यावर फाडावी. गेल्या वर्षीची उत्सवाच्या खात्यात गेली होती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पेठेतला एक वर्गणीदार